साडूंचं ओळखीचं रक्त

आमच्या साडूंनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही, आणि यात मी त्यांचं स्वतःचं लग्नही धरतो. गडहिंग्लजच्या त्या मांडवात मी नव्हतो, कारण माझं लग्न त्यांच्यानंतर पाच वर्षांनी झालं. पण सासरच्या मंडळींपैकी ज्यांना म्हणून तोंड आहे त्या सगळ्यांनी मला ही हकीकत सांगितली आहे. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी छातीत हवा भरून घेतली, आणि हार हातात धरून उभ्या असलेल्या साडूंनी समोरच्या मुंडावळ्यांकडे वाकून हलक्या आवाजात विचारलं, "आपलं पूर्ण नाव?" अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या वयातही हजरजबाबी होती. "माहेरचं सांगू की सासरचं?" तिनं विचारलं. साडूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "दोन्ही." दोन्ही नावं जुळल्यावरच हार गळ्यात पडला.

साडू मूळचे निपाणीचे. घरात मराठी, बाजारात कानडी आणि राग आला की इंग्रजी अशी त्यांनी भाषांची वाटणी केली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी पुण्याहून बंगळूरला बदली झाली तेव्हा ते तिथे चांगले मुरलेले होते. आम्ही दोघंही कोरमंगलात राहायचो, दोन गल्ल्या सोडून. तेव्हाचं कोरमंगला म्हणजे दोन घरं, मग चार मोकळे प्लॉट, त्यांत चरणाऱ्या गाई आणि पुन्हा दोन घरं. जयनगरमधल्या एका खासगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासण्याच्या विभागाचे ते प्रमुख होते आणि तिथून बाहेर पडणारा प्रत्येक आकडा खरा आहे की नाही हे बघणं ही त्यांची जबाबदारी. 'क्वालिटी' हा शब्द त्या वर्षांत नुकताच वयात आला होता. आमच्या कारखान्यातसुद्धा जिन्याजिन्यावर त्याच्या पाट्या लागल्या होत्या आणि त्या पाट्यांखालून आम्ही पूर्वीसारखेच जा-ये करत होतो. साडूंनी मात्र तो शब्द अंगाला लावून घेतला. लॅबमध्ये जे नियम तेच घरात, आणि दोन गल्ल्यांचं अंतर म्हणजे काही अंतर नव्हे या न्यायानं तेच माझ्याही घरात.

त्यांच्या फ्रिजमध्ये दोन थर्मामीटर होते. एक तापमान बघायला आणि दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवायला. फ्रिजच्या मुठीला दोऱ्यानं एक वही बांधलेली, वहीला पेन्सिल बांधलेली, आणि सकाळ-संध्याकाळ त्यात तापमान लिहून साडू सही करायचे. पाहुण्यानं उठून पाण्याची बाटली काढली की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "दार किती वेळ उघडं होतं?" लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी असायची: कधी घातलं, कधी उघडलं, कोणी उघडलं. सासूबाईंनी पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यावर एकदा 'कोणी उघडलं' याच्यापुढे माझं नाव लिहिलेलं दिसलं आणि त्या दिवशी मला चटणी घशाखाली उतरेना. आमची मुलगी झाली तेव्हा नर्सनं बाळ आणून हातात दिलं, सगळे तोंडाकडे बघत होते, नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं यावर दोन्ही घराण्यांत वाटाघाटी सुरू होत्या. साडूंनी दुपट्यातून बाळाचा पाय बाहेर काढला, पायावरच्या पट्टीवरचा नंबर वाचला, मग माझ्या बायकोच्या मनगटावरचा वाचला, मग पुन्हा पायावरचा. "जुळतंय," ते म्हणाले. "आता हसायला हरकत नाही."

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते त्यांनी मला एका रविवारी लॅबमध्ये नेऊन दाखवलं. तिथे भिंतीवर आलेख-कागद चिकटवलेले होते. मधे एक आडवी रेघ, तिच्या वर-खाली मर्यादेच्या रेघा, आणि रोजचा एक ठिपका, साडूंनी स्वतः टोकदार पेन्सिलीनं दिलेला. "रोज सकाळी पेशंटच्या रक्ताला हात लावण्याआधी," ते म्हणाले, "यंत्राला ओळखीचं रक्त द्यायचं. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच अनोळखी रक्त द्यायचं. नाही आलं तर यंत्र बंद, चहा प्यायचा, बिघाड शोधायचा." मला हे फारच शहाणपणाचं वाटलं. पण साडू हा शहाणपणा घेऊन रस्त्यावर उतरायचे. अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा झाला की ते आधी स्वतःला ठाऊक असलेला पत्ता विचारत. उत्तर बरोबर आलं तर मग हवा तो. एकदा आम्ही एका ओळखीच्यांचं घर शोधत होतो तेव्हा त्यांनी एका रिक्षावाल्याला गंभीर चेहऱ्यानं विचारलं, जयनगर कुठे आलं? त्या बिचाऱ्यानं आमच्याकडे, मग बायकांकडे, मग आभाळाकडे पाहिलं. "सार, जयनगरदल्ले इद्दीरल्ला!" म्हणजे साहेब, जयनगरमध्येच तर उभे आहात! साडूंनी समाधानानं मान हलवली. "हा माणूस चालेल," ते मला मराठीत म्हणाले, आणि मग खरा पत्ता विचारायला वळले. तो मात्र तोवर रिक्षा सुरू करून निघून गेला होता.

ठिपका मर्यादेत आहे म्हणून साडू कधी गाफील राहायचे नाहीत. सलग सात ठिपके मधल्या रेघेच्या एकाच बाजूला पडले, तर सगळं मर्यादेत असूनही कुठेतरी काहीतरी सरकतंय असं ते मानत. एका सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना त्यांनी कप खाली ठेवला आणि अक्काला म्हणाले, "आठवडाभर चहा गोड बाजूला आहे. मर्यादेत आहे, पण सरकतोय." अक्कानं नेहमीसारखं दुर्लक्ष केलं. साडू उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पाच मिनिटांत साखरेच्या डब्यातला नवा चमचा घेऊन बाहेर आले. जुना हरवला होता. नवा किंचित खोल होता. तो चमचा त्यांनी खिडकीच्या उजेडात असा धरला होता की जणू मासा पकडलाय. अक्का म्हणाली, "या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे रोज परीक्षेला बसायचं, आणि पास झाल्याचं कुणी सांगायचं नाही."

खाडाखोड त्यांना चालत नसे. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. वाण्याच्या यादीतही 'कोथिंबीर'वर एक रेघ, पुढे 'पुदिना', आणि सही. तसंच घरात काही फुटलं-सांडलं तर 'कोणी केलं' हा प्रश्न विचारायला त्यांची बंदी होती. "कोणी ते नको. कसं झालं ते सांगा," असा त्यांचा आग्रह. माणसाला पकडलं की माणूस लपवतो, आणि लपवलेली चूक दुसऱ्यांदा होते, असं ते म्हणत. त्यांच्या दोन्ही मुलांनी या धोरणाचा पुरेपूर फायदा घेतला. शेजाऱ्यांच्या खिडकीची काच गेली तेव्हा थोरला स्वतःहून येऊन म्हणाला, "बाबा, बॉल आणि काच यांच्यातलं अंतर कमी पडलं." साडूंनी त्याची पाठ थोपटली आणि शेजाऱ्यांकडे माफी मागायला गेले. शेजारी कानडी, शांत गृहस्थ. "सरी, सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आमचे दोघांचे सासरे, आप्पा, यांना हे सगळं अजिबात मान्य नव्हतं. आप्पा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ताठ, गोरे, करकरीत धोतर, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी जणू शिक्का मारल्यासारखं थांबणारे. मी इंजिनिअर, त्यामुळे मला ते 'आमचे धाकटे जावई, कारखान्यात साहेब आहेत' असं ओळख करून देत. थोरल्या जावयाविषयी विचारलं तर "बंगळूरला दवाखान्यात आहेत" एवढंच म्हणून विषय बदलत. लोकांनी डॉक्टर समजलं तर ती लोकांची चूक. साडूंना हे ठाऊक होतं. ते कधी काही बोलले नाहीत. पण आप्पा बंगळूरला आले की ते जेवताना आप्पांच्या ताटाकडे, चेहऱ्याकडे, चालण्याकडे बारकाईनं बघत राहायचे, आणि आप्पा ते बघून आणखी ताठ व्हायचे.

त्या वर्षी आप्पांना हर्नियाचा त्रास सुरू झाला. "मिरज शेजारी असताना एवढ्या लांब कशाला," असा त्यांचा मुद्दा होता, पण दोन्ही मुली बंगळूरला, म्हणून शेवटी तिकडेच ऑपरेशन करायचं ठरलं. जयनगरमधलंच एक नर्सिंग होम, चांगला सर्जन, आणि ऑपरेशनआधीच्या सगळ्या तपासण्या साडूंच्या लॅबमध्ये. आप्पांची अजून एक अट होती. "माझं रक्त जावयानं काढायचं नाही." साडू म्हणाले, "काढणारच नव्हतो. नातेवाइकाचा नमुना मी हाताळत नाही. हात थरथरला तर कळत नाही, डोळे चुकले तर त्याहून कळत नाही." दोघांचं एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग. ठरलेल्या सकाळी नर्सिंग होममध्येच आप्पांचं रक्त घेतलं, दोन लहान बाटल्यांत भरलं आणि लॅबला पाठवलं. साडूंनी सासऱ्यांच्या काळजीपोटी सगळ्याच तपासण्या लावल्या होत्या, लागणाऱ्याही आणि न लागणाऱ्याही.

अकराच्या सुमारास मी कारखान्यातून रजा टाकून नर्सिंग होमला पोचलो तर आप्पांच्या खोलीत धावपळ चाललेली. नर्स छातीला तारा लावत होती, सलाइनचा स्टँड आणला जात होता, आणि माझी बायको व अक्का भिंतीशी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. लॅबमधून फोन आला होता. धोक्याचा आकडा दिसला की कागद टाइप व्हायची वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा, हा साडूंचाच नियम. आप्पांचं पोटॅशियम नऊच्या घरात होतं. पाचापर्यंत असावं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, या आकड्याला हृदय कुठल्याही क्षणी बंद पडू शकतं, सर्जन ऑपरेशनमध्ये आहेत, पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन लगेच द्यावं लागेल. हृदयाचा आलेख अजून ठीक दिसतोय, पण त्यावर विसंबून चालणार नाही. त्याचा चेहराही पांढरा पडला होता.

आप्पा पलंगावर ताठ बसून होते. "मला काय झालंय ते मला कुणी सांगेल का?"

"पोटॅशियम वाढलंय आप्पा," माझी बायको रडवेल्या आवाजात म्हणाली.

"आमच्या घराण्यात पोटॅशियम कुणाला नव्हतं," आप्पा म्हणाले. "आणि रक्त दिलं की उपमा मिळेल असं मला सांगितलं होतं. तो कुठाय?"

मी काउंटरवरचा फोन उचलून लॅबचा नंबर फिरवला. साडू लायनीवर आले. मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण बराच ओरडलो असेन, कारण काउंटरवरची बाई दोन पावलं मागे सरकली. साडूंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "आप्पा आत्ता काय करतायत?"

"उपमा मागतायत."

"कॅल्शियम किती आलंय? फोन घेणाऱ्यानं लिहून घेतलं असेल. बघून सांगा."

मी चिठ्ठी हिसकावून घेतली. कॅल्शियमपुढे तीन लिहिलं होतं; नऊ-दहा असावं हे मला मागाहून कळलं. मी सांगितलं.

मग साडू अगदी शांतपणे म्हणाले, "आकडा खोटा आहे. औषध देऊ देऊ नका. मी येतोय. तोवर त्या डॉक्टरला दारात उभं राहून अडवावं लागलं तरी अडवा."

पुढची दहा मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत. डॉक्टर माझ्यावर चिडला होता आणि त्याचं बरोबर होतं. "तुम्ही जबाबदारी घेता?" त्यानं विचारलं. मी कारखान्यात नटबोल्टची चित्रं काढणारा माणूस. काय जबाबदारी घेणार? तरी मी दारातून हललो नाही. औषधाची सुई ट्रेमध्ये भरून तयार होती आणि मी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. मग खाली रिक्षा करकचून थांबली आणि साडू जिना चढून आले. पांढरा कोट, लॅबमधल्या रबरी चपला, हातात नवी सिरिंज आणि दोन बाटल्या.

"ही ट्रीटमेंट थांबवा," ते डॉक्टरला म्हणाले. "रिपोर्ट चुकीचा आहे. पोटॅशियम ठीक असताना हे औषध गेलं तर तेच जिवावर बेतेल."

"कशावरून? तुमच्याच लॅबचा आहे ना?"

"हो. म्हणून मी आलोय." साडूंनी दोन्ही बाटल्या त्याच्यासमोर धरल्या. "ही कोरी. या दुसरीत तळाला पांढरी पूड आहे, रक्त गोठू नये म्हणून. ती पूड पोटॅशियमची असते आणि ती कॅल्शियम धरून ठेवते. या पुडीच्या बाटलीतलं रक्त चुकून कोऱ्या बाटलीत पडलं, तर पोटॅशियम चढतं आणि त्याच वेळी कॅल्शियम कोसळतं. दोन्ही एकदम. तुमच्या चिठ्ठीवर दोन्ही एकदम आहेत. कॅल्शियम खरंच तीन असतं तर या माणसाचे हातपाय आखडले असते. तो उपमा मागतोय." मग ते थांबले आणि म्हणाले, "मला अर्धा तास द्या. तारा छातीवर राहू द्या, तुम्ही समोर बसून राहा, आलेख जरा जरी हलला तर मला न विचारता औषध द्या."

डॉक्टरनं आलेखाकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि सुईचा ट्रे बाजूच्या टेबलावर सरकवला.

साडू पलंगाजवळ गेले. त्यांनी आप्पांची बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला, आणि मग थांबले. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

आप्पांचे डोळे विस्फारले. "चौदा वर्षं माझी मुलगी तुमच्या घरात नांदतेय!"

"नाव सांगा, आप्पा."

"तुम्हाला माझं नाव माहीत नाही?"

"माहीत आहे. तुमच्या तोंडून हवंय."

अक्का भिंतीशी रडता रडता हसली. आप्पांनी, कचेरीत हजेरी द्यावी तसं, वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं. साडूंनी ते बाटल्यांवर लिहिलं आणि रक्त घेतलं. हात थरथरला नाही. मी बघत होतो.

परत लॅबला जाताना रिक्षात बाटल्या माझ्या हातात होत्या. "बेग, बेग," म्हणजे लवकर, "पण खड्डे चुकवून," असं साडू कानडीत रिक्षावाल्याला सांगत होते. लॅबमध्ये त्यांनी रक्त चाकावर फिरवून वेगळं करायला ठेवलं, पोटॅशियम मोजायचं निळ्या ज्योतीचं यंत्र पेटवलं, आणि कपाटातून भलतीच एक बाटली काढली.

"हे काय?" मी विचारलं.

"ओळखीचं रक्त."

"अहो, आधी आप्पांचं बघा!"

"आधी हे," साडू म्हणाले. त्या क्षणी मी त्यांना मारलं असतं. यंत्रानं ओळखीच्या रक्ताचा आकडा दाखवला. त्यांनी तो टोकदार पेन्सिलीनं भिंतीवरच्या कागदावर मांडला. बरोबर रेघेवर. मग आप्पांचं रक्त घातलं. काटा हलला, थांबला. चार पूर्णांक दोन. त्यांनी पुन्हा एकदा घातलं. पुन्हा तेवढंच. मग ते फोनकडे गेले, डॉक्टरला आकडा सांगितला आणि म्हणाले, "आता तुम्ही मला वाचून दाखवा." पलीकडून आकडा परत ऐकू आल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. मी तिथेच, बाटल्यांच्या रॅकला टेकून, जमिनीवर बसलो. खिडकीतून जयनगरच्या झाडांतलं ऊन आत येत होतं आणि रस्त्यावर कुणीतरी कानडीत फुलं विकत होतं. इतकं साधं दुपारचं ऊन मला पुन्हा कधी तेवढं आवडलं नाही.

सकाळच्या पाळीच्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. बारा वर्षं तिथे काम केलेल्या, हुशार बाई. साडूंनी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "सार, कोऱ्या बाटलीत रक्त कमी होतं. दुसरीतलं स्वल्प घातलं." स्वल्प, म्हणजे थोडंसंच.

"का घातलंत?" साडूंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. तिथे कानडी आणि इंग्रजीत एक सूचना लावलेली होती: नमुना कमी पडल्यास रुग्णाला पुन्हा टोचू नये, उपलब्ध नमुन्यातून भागवावे. अक्षर साडूंचं. मागे कधीतरी एका म्हाताऱ्या आजींना तीनदा टोचलं गेलं होतं, त्यांचा हात काळानिळा झाला होता, तेव्हा कळवळून त्यांनी ती लिहिली होती. कुठल्या बाटलीतून भागवावं हे लिहायचं राहिलं होतं. साडूंनी ती सूचना दोनदा वाचली. मग खिशातून पेन काढलं, सूचनेवर एक रेघ मारली, सही केली, तारीख घातली. "तुमचं काही चुकलं नाही," ते बाईंना म्हणाले. बाई मग रडायला लागल्या.

लॅबचे मालक डॉक्टर दुपारी आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नवा रिपोर्ट पाठवा, जुन्याची नोंद काढून टाका, नमुना खराब होता म्हणून सांगा, विषय संपला. साडू म्हणाले, जुना रिपोर्ट फाइलमध्येच राहील, त्याच्याशेजारी कारण राहील, आणि पेशंटला मी स्वतः सांगणार. मालक म्हणाले, पेशंट तुमचा सासरा आहे, घरच्या घरी मिटवा. "घरचा नसता तर वेगळं वागलो असतो का, एवढंच मला बघायचंय," साडू म्हणाले. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस नोकरी पणाला लावून उभा आहे आणि त्याचे खांदे जराही वर गेलेले नाहीत.

संध्याकाळी ते नर्सिंग होममध्ये आले. डॉक्टरसाठी इंग्रजी कागद आणि आप्पांसाठी मुद्दाम मराठीत लिहिलेला वेगळा. आप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं: "आज सकाळी आमच्या प्रयोगशाळेने दिलेला आपला अहवाल चुकीचा होता. त्यामुळे आपल्याला इजा होऊ शकली असती. चूक भिंतीवरच्या सुचनेत होती. ती सुचना मी लिहिली होती." खाली सही.

आप्पांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "मी बत्तीस वर्षं कचेरीत काढली," ते म्हणाले. "चूक स्वतःच्या हातानं लिहून खाली सही करणारा माणूस मी पाहिला नाही. मीसुद्धा केली नाही. करायला हवी होती, दोन-तीन ठिकाणी." मग त्यांनी पेन मागितलं. "सूचनेतला सू दीर्घ," असं म्हणून त्यांनी दोन्ही ठिकाणी दुरुस्ती केली, आणि साडूंनी काही म्हणायच्या आत बाजूला आपली सही आणि तारीख घातली. साडूंनी खाली बघत चपलेचा पट्टा नीट केला. तो नीटच होता.

ऑपरेशन दोन दिवसांनी झालं आणि इतकं सुरळीत झालं की सांगण्यासारखं त्यात काही नाही. आप्पा महिनाभर साडूंच्याच घरी राहिले आणि फ्रिजच्या वहीत संध्याकाळचं तापमान ते लिहू लागले, सुवाच्य अक्षरात. मालक डॉक्टर काही आठवडे साडूंशी बोलत नव्हते. पुढे लॅबला दर्जाचं प्रमाणपत्र हवं म्हणून बाहेरची माणसं तपासणीला आली, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी चुकांची नोंद मागितली आणि आप्पांच्या प्रकरणाचा कागद वाचून मालकांचं अभिनंदन केलं. मालकांनी ते हसतमुखानं स्वीकारलं आणि दुसऱ्या दिवशी साडूंशी पुन्हा बोलायला लागले.

दशक संपता संपता साडूंना आखातातल्या एका मोठ्या इस्पितळात जागा मिळाली. अक्का आणि मुलं शाळेचं वर्ष संपल्यावर जाणार होती, म्हणून त्या दिवशी विमानतळावर सोडायला मी एकटाच होतो. बंगळूरचा तो जुना विमानतळ म्हणजे मोठ्या एस. टी. स्टँडसारखाच. आत जायची वेळ झाली, मी हात पुढे केला, तर साडू म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."

मला वाटलं, फ्रिजविषयी असेल.

"त्या दिवशी फोनवर मी म्हटलं, आकडा खोटा आहे. तुम्ही तेवढ्यावर दारात उभे राहिलात." ते बॅगेचा कोपरा बोटानं चाचपत होते. "मला खात्री नव्हती. बरीच होती, पण पूर्ण नव्हती. चांगला बोलता-चालता माणूस तासाभरात गेलेला मी पाहिलाय. रिक्षात सगळा वेळ मी हेच म्हणत होतो, खरा असला तर? जिना चढताना वाटलं, वर रडण्याचा आवाज येतोय."

"मग असं ठामपणे कसं बोललात?"

"तुमचा आवाज फार घाबरलेला होता," साडू म्हणाले. "कुणीतरी तसं बोलणं भाग होतं."

त्यांनी माझा हात हातात घेतला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला, आणि पासपोर्ट उघडून दाखवत आत गेले. काचेतून ते रांगेत उभे दिसत होते, लहानसे, खांद्यावर बॅग, हातात तिकीट. मग त्यांच्यामागे एक उंच माणूस येऊन उभा राहिला आणि ते दिसेनासे झाले.

घरी आलो तर बायको दारातच होती. "गेले का दाजी? काही म्हणाले?"

"सगळ्यांना सांभाळा म्हणाले," मी म्हटलं, आणि हातपाय धुवायला आत गेलो. बराच वेळ नळाखाली तसाच उभा होतो. बाहेरच्या खोलीत, त्या आठवड्यात आमच्याकडे आलेले आप्पा आमच्या मुलीला पाढे म्हणायला लावत होते. तिचं चुकलं की थांबत होते, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.